गोळी एक, जंत तीन



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत शाळकरी मुलांच्या पोटातले जंत हा विषय वाचून काहींनी नाकं मुरडली असतील. संयोजकांनीही जरा बिचकतच विचारलं होतं की शीर्षक थोडं सौम्य करता येईल का. मी नाही म्हटलं. ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात गावोगावच्या पोरांची पोटं तपासण्यात घालवली. त्यांच्या नावाने उभं राहून पोटातल्या गोष्टींना लाजण्याचं कारण नाही.

फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये आपल्या शाळांमधून, अंगणवाड्यांमधून मुलांना जंताची गोळी देतात, हे आपल्याला माहीत आहे. अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम, चावून खायची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, पुढे एकोणीस वर्षांपर्यंत सगळ्यांना एक. २०१५ च्या १० फेब्रुवारीला काही राज्यांत या राष्ट्रीय जंतनाशक दिनाची सुरुवात झाली, पुढच्या वर्षी तो देशभर गेला. पालकसभेत यावर ठरलेला प्रश्न येतो: ‘डॉक्टर, सरकारी गोळी चांगली की मेडिकलमधलं औषध चांगलं?’ यावर मी उलट विचारतो की कोणत्या जंतासाठी? समोरचा गोंधळतो. जंत म्हणजे जंत, त्यात पुन्हा कोणता काय?

आपल्या आजी-पणजींना हा गोंधळ नव्हता. बाळाला वावडिंगाचं पाणी, मोठ्याला पळसाच्या बियांचं चूर्ण, हे घरगुती झालं. दवाखान्यात गोल जंतांसाठी सँटोनिन मिळायचं. ते किरमाणी ओव्यातून काढलेलं. रात्री ते घ्यायचं आणि नंतर एरंडेल. मात्रा जास्त झाली की मुलाला सगळं जग पिवळं दिसायला लागे. हुकवर्मवर मात्र सँटोनिनचा उपयोग नसे, त्यासाठी थायमॉल. थायमॉल म्हणजे आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी ओव्याची फुलं. १९०९ साली रॉकफेलरच्या पैशातून अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हुकवर्मविरुद्ध मोहीम निघाली, ती याच थायमॉलच्या पुड्या आणि जुलाबाचं मीठ घेऊन. औषधं कडू होती, काही धोक्याचीही होती, पण ज्याचा त्याचा जंत आणि ज्याचं त्याचं औषध, हे गणित स्वच्छ होतं. १९७० नंतर मेबेंडाझोल आणि अल्बेंडाझोल आली आणि एकाच गोळीत सगळं आटोपतं, असा आपला समज झाला. तो समज किती खरा आहे, हे आज तपासायचं आहे.

मातीतून पसरणारे जंत मुख्यत्वे तीन. पहिला गोल जंत, गांडुळाएवढा लांब, उलटीतून किंवा शौचातून पडला की घरादाराची झोप उडवणारा. दुसरा हुकवर्म, सेंटीमीटरभर लांबीचा. त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि शेवटी लहान आतड्याला चिकटून रक्त पिते. त्याच्या दोन जातींपैकी एक जरा अधाशी आहे, तिचा एक जंत दिवसाला ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त खातो. ऐकायला नगण्य वाटतं. शंभर जंत असतील तर रोज तीन-चार चमचे रक्त, आणि तेही मुळात रक्त कमी असलेल्या मुलीचं. तिसरा चाबूककृमी, म्हणजे व्हिपवर्म. त्याचा पुढचा भाग केसासारखा बारीक असतो आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरात तो शिवल्यासारखा रुतलेला असतो. त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. आजच्या व्याख्यानाचा खरा खलनायक मात्र तोच.

आता आकडे. शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चाचण्या एकत्र करून २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हिशोब मांडला. एकदाच दिलेल्या अल्बेंडाझोलने गोल जंत असलेली सुमारे ९६ टक्के माणसं बरी होतात, मेबेंडाझोलनेही तितकीच. म्हणजे इथे भांडण नाही, जी हाताला लागेल ती गोळी द्या. हुकवर्मवर अल्बेंडाझोलने सुमारे ८० टक्के बरे होतात, मेबेंडाझोलच्या एका मात्रेने जेमतेम ३२ टक्के. इथे आपल्या सरकारने निवडलेली गोळी सरळसरळ सरस आहे. आणि चाबूककृमी? अल्बेंडाझोल सुमारे ३१ टक्के, मेबेंडाझोल ४२. दोन्ही नापास. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. अल्बेंडाझोलनंतर चाबूककृमीची अंडी किती कमी होतात याचं प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ७३ टक्के होतं, २०१५ पर्यंत ते ४३ टक्क्यांवर घसरलं. मेंढपाळांना यात नवल वाटणार नाही. मेंढ्यांना वर्षानुवर्षं तेच जंताचं औषध पाजलं की ते लागू पडेनासं होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. माणसांत तसंच घडतंय, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा अजून नाही. पण शंकेची पाल चुकचुकायला एवढा आकडा पुरे.

हे आकडे येतात कुठून, ते थोडं जवळून पाहू. टांझानियाच्या किनाऱ्यासमोर झांझिबारच्या बेटांपैकी पेंबा नावाचं एक बेट आहे. तिथल्या लवंगा पूर्वी गलबतांतून मुंबईच्या बाजारात यायच्या, आपल्या आज्यांच्या मसाल्यात तिथलीच लवंग पडत असे. गेली तीसेक वर्षं हे बेट जंतांवरच्या औषधांची सर्वांत मोठी परीक्षाशाळा बनलं आहे. चाके चाके गावाजवळ वावी इथे एक प्रयोगशाळा आहे, इव्हो द कार्नेरी या इटालियन परजीवीशास्त्रज्ञाच्या नावाची. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या संस्थेचे संशोधक, विशेषतः जेनिफर कायझर यांचा गट, तिथल्या शाळांत वर्षानुवर्षं काम करतो आहे.

तपासणीची पद्धत काटो आणि कात्झ या दोघांच्या नावाने ओळखली जाते. मुलं डबीत शी आणून देतात. ती बारीक जाळीतून दाबून घ्यायची, प्लॅस्टिकच्या पट्टीला पाडलेल्या भोकात भरायची. त्या भोकात बरोबर ४१.७ मिलिग्रॅम मावतं. पट्टी काढली की काचेवर छोटीशी वडी उरते. वर ग्लिसरीनमध्ये भिजवलेला सेलोफेनचा तुकडा, मग काच उलटी करून दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची. मोजलेल्या आकड्याला २४ ने गुणलं की एका ग्रॅममधली अंडी मिळतात. चाबूककृमीचं अंडं ओळखायला सर्वांत सोपं, दोन्ही तोंडांना बूच बसवलेल्या छोट्या पखवाजासारखं. गोल जंताचं अंडं खडबडीत, पित्ताच्या रंगाने तपकिरी झालेलं. हुकवर्मच्या अंड्याचं कवच इतकं पातळ की ग्लिसरीनमध्ये तासाभरात ते दिसेनासंच होतं. तंत्रज्ञ चहाला गेला नि जरा उशिरा परतला, की मूल औषधाविनाच बरं झालेलं असतं. औषधांची तुलना करणारा कोणताही शोधनिबंध वाचताना मी आधी हे पाहतो की काच किती वेळात वाचली.

याच पेंबावर ६ ते १४ वर्षांच्या मुलांवर केलेली एक चाचणी २०१४ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली. मुलांचे चार गट, चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले. एका गटाला अल्बेंडाझोल, दुसऱ्याला मेबेंडाझोल, तिसऱ्याला ऑक्सँटेल नावाचं जुनं, मुख्यतः जनावरांसाठी वापरलं जाणारं औषध, चौथ्याला ऑक्सँटेल आणि अल्बेंडाझोल मिळून. चाबूककृमीतून पूर्ण बरी झालेली मुलं: अल्बेंडाझोलने २.६ टक्के. हो, अडीच टक्के म्हणा. मेबेंडाझोलने ११.८, ऑक्सँटेलने २६.३, दोन्ही मिळून ३१.२. ही गोळी वाटून आपण ‘शाळा जंतमुक्त’ असा फलक लावतो.

पण थांबा, याच चाचणीत दुसरा एक रकाना आहे आणि तो वाचल्याशिवाय निकाल देणं हा अन्याय होईल. अंड्यांची संख्या किती घटली? अल्बेंडाझोलने ४५ टक्के, मेबेंडाझोलने ७५, ऑक्सँटेल आणि अल्बेंडाझोल मिळून ९६. ज्या मुलाच्या एका ग्रॅममध्ये दहा हजार अंडी होती, त्याची चारशेवर आली तर ते मूल कागदावर ‘बरं झालेलं नाही’. पण दहा हजार म्हणजे तीव्र लागण आणि चारशे म्हणजे सौम्य. त्या मुलाचं आतडं जरा मोकळं झालं, ते नीट जेवू लागलं, एवढ्याने त्याच्या आईला पुरतं. डॉक्टरला खोलीत बसलेलं एक मूल बरं करायचं असतं, आरोग्य अधिकाऱ्याला तालुक्यातला एकूण भार उतरवायचा असतो. दोघांचे रकाने वेगळे. पहिल्याच्या रकान्याने दुसऱ्याचं काम तोलणं बरोबर नाही, आणि उलटही नाही.

मात्रेचाही एक किस्सा सांगतो, कारण मला तो सगळ्यांत शिकवणारा वाटतो. हुकवर्मवर मेबेंडाझोल कच्चं आहे, असं आपण आत्ताच म्हटलं. पेंबावरच २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मुलांच्या एका गटाला ५०० मिलिग्रॅमची नेहमीची एक मात्रा दिली. दुसऱ्याला १०० मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून दोनदा, तीन दिवस. एकूण औषध फक्त शंभर मिलिग्रॅमने जास्त. पहिल्या गटात १३ टक्के बरे झाले, दुसऱ्यात ९८ टक्के. औषध तेच, जंत तोच, मुलंही त्याच बेटावरची. मग आपण तीन दिवस का देत नाही? कारण शाळेच्या वेळापत्रकात तीन दिवसांत सहा वेळा गोळी बसत नाही. सहावी गोळी खाल्ली की नाही, हे बघायला गुरुजी घरी जाऊ शकत नाहीत. ‘एकच मात्रा’ हा वैद्यकशास्त्राचा आग्रह नाही, ती शाळेच्या घंटेशी केलेली तडजोड आहे. तडजोड योग्यच आहे, मीही तीच केली असती. पण खासगी दवाखान्यात बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांवर शाळेच्या घंटेचं बंधन नाही. तेही एक गोळी लिहून मोकळे होतात, याला काय म्हणावं!

चाबूककृमीवरचा सध्याचा आशेचा उपाय म्हणजे अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन. हे जपानमधल्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळालं आणि त्यासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. आपल्याला ही जोडी अगदीच परकी नाही. नागपूर जिल्ह्यात २०१९ पासून हत्तीरोगाच्या मोहिमेत आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल या तिन्ही गोळ्या लोकांनी एकत्र खाल्ल्या आहेत. २०२२ साली या जोडीची तीन देशांतली चाचणी प्रसिद्ध झाली. लाओसमध्ये जोडीने ६६ टक्के बरे झाले, नुसत्या अल्बेंडाझोलने ८ टक्के. पेंबावर ४९ विरुद्ध ६. आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आयव्हरी कोस्टमध्ये? १४ विरुद्ध १०. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच.

संशोधक चक्रावले. गोळ्या त्याच, मात्रा तीच, हात तेच. पुढे आयव्हरी कोस्टमधल्या जंतांची जनुकं तपासली तेव्हा उलगडा झाला: तो चाबूककृमी वेगळ्याच जातीचा निघाला, डुकरांमधल्या चाबूककृमीच्या जवळचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं अंडं ओळखीच्या अंड्यासारखंच दिसतं, म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. त्याचं नाव ठेवलं ट्रायक्युरिस इन्कॉग्निटा, म्हणजे वेष पालटून वावरणारा. लाओसचा निकाल उचलून आपल्या जिल्ह्यात लावायला निघालेल्यांनी या गृहस्थाची आठवण ठेवावी. दोन्ही औषधं एकाच गोळीत असलेलं मिश्रण आता तयार झालं आहे. इथिओपिया, केनिया आणि मोझांबिकमधल्या चाचण्यांनंतर २०२५ च्या जानेवारीत युरोपच्या औषध नियामक संस्थेने त्याच्या बाजूने मत दिलं. ते आपल्याकडे यावं असं मला वाटतं. आपल्या मातीत पारखून यावं, एवढीच अट.

इथे कोकणातल्या मंडळींसाठी एक गोष्ट. आफ्रिकेतल्या मुलांना जंताबरोबरच शिस्टोसोमा नावाच्या दुसऱ्या परजीवीचाही त्रास असतो, तो पाण्यातल्या गोगलगायींमधून येतो आणि त्याला प्राझिक्वांटेल हे निराळं औषध लागतं. भारतात हा रोग नाहीच, असं सगळे धरून चालले होते. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात दाखवून दिला. सगळ्या देशाचा सरासरी नकाशा करताना एखादं गिमवी निसटतं.

आता थोडं शाळेबद्दल. केनियाच्या पश्चिमेला बुसिया भागात १९९८ पासून ७५ शाळांत टप्प्याटप्प्याने जंताचं औषध देण्यात आलं. एडवर्ड मिगेल आणि मायकल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली लिहिलं की त्यामुळे मुलांची गैरहजेरी सुमारे पाव भागाने घटली. परीक्षेतले गुण मात्र वाढले नाहीत. हेच क्रेमर पुढे अभिजित विनायक बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासह २०१९ च्या नोबेलचे मानकरी झाले. अभिजित मुंबईत जन्मलेले, त्यांच्या मातोश्री निर्मलाताई माहेरच्या पाटणकर, हे सांगायचा मोह मराठी व्यासपीठावर आवरत नाही. २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, त्यात चुका दाखवल्या आणि मोठा वाद पेटला. दुसरीकडे आपल्या उत्तर प्रदेशात शॅली अवस्थी आणि रिचर्ड पेटो यांनी सुमारे दहा लाख लहान मुलांवर, सहा वर्षांखालच्या, पाच वर्षं अल्बेंडाझोलची चाचणी केली. २०१३ साली निकाल आला: वजनात आणि मृत्यूंच्या प्रमाणात म्हणावा असा फरक नाही. जगभरातल्या चाचण्या एकत्र मांडणाऱ्या कॉक्रेनच्या २०१९ च्या आढाव्यातही सरसकट गोळी दिल्याने सरासरी वजन, हिमोग्लोबिन किंवा शाळेतली प्रगती यांत मोठा फायदा दिसला नाही. उलट बुसियाच्या मुलांचा वीस वर्षांनी माग काढला तेव्हा ज्यांना दोन-तीन वर्षं जास्त औषध मिळालं होतं, त्यांची तासाची कमाई १३ टक्क्यांनी जास्त निघाली.

दोन्ही बाजूंचे लोक हुशार आणि प्रामाणिक आहेत. माझं मत विचाराल तर गोम सरासरीत आहे. उत्तर प्रदेशात बहुतेक मुलांच्या पोटात जंत थोडे होते, बुसियात भरपूर. ज्याच्या पोटात जंतच नाहीत, त्याला गोळीने काय फायदा होणार? त्याला आणि पोट फुगलेल्या मुलाला एकाच सरासरीत घातलं की फुगलेल्या पोटाचा फायदा दिसेनासा होतो. म्हणून गोळी बंद करा, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. ‘गोळी खा, हुशार व्हा’ अशा घोषणा रंगवणाऱ्यांतही नाही.

आणि गोळी कोणतीही द्या, जंत परत येतात. २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार औषधानंतर बारा महिन्यांनी गोल जंताचं प्रमाण मूळच्या ९४ टक्क्यांवर परत पोचलेलं होतं, चाबूककृमीचं ८२ वर, हुकवर्मचं ५७ वर. ज्या जंतावर गोळी सर्वांत जोरदार, तोच सर्वांत लवकर परत. कारण अंगण तेच, विहिरीची वाट तीच, आणि दार लावलेला पण पाणी नसलेला शाळेचा संडासही तोच. औषधाची तुलना तीन आठवड्यांनी करतात, मुलाला तर बारा महिने जगायचं असतं. संडास आणि चपला यांवर इथे दर वर्षी कुणी ना कुणी बोलतं, म्हणून मी त्यात शिरत नाही.

माझं म्हणणं एवढंच की आपण गोळ्या मोजतो, जंत पुरेसे मोजत नाही. मोहीम संपली की किती टक्के मुलांनी गोळी खाल्ली याचा आकडा संध्याकाळपर्यंत जिल्ह्यातून मुंबईला पोचतो. तीन आठवड्यांनी त्यातल्या थोड्या मुलांच्या शौचाचे नमुने तपासून कोणता जंत गेला आणि कोणता उरला, हेही त्याच तत्परतेने कळलं पाहिजे. यासाठी फार मोठं काही लागत नाही: एक सूक्ष्मदर्शक, भोक पाडलेल्या पट्ट्या, सेलोफेन, ग्लिसरीन आणि काच वेळेत वाचणारा तंत्रज्ञ. प्रत्येक जिल्ह्यातल्या चार-दोन शाळांपुरतं हे नेमाने झालं, तर हुकवर्मच्या पट्ट्यात अल्बेंडाझोल चालू ठेवायचं, चाबूककृमीच्या पट्ट्यात जोडगोळी मागायची आणि जिथे जंत उरलेच नाहीत तिथे फेरे कमी करायचे, हे पुराव्यावर ठरवता येईल. जागतिक आरोग्य संघटनेचा नियमही तसाच आहे: लागण २० टक्क्यांवर असेल तर वर्षातून एकदा, ५० टक्क्यांवर असेल तर दोनदा. टक्केवारी मोजलीच नाही तर हा नियम पाळणार कसा? या सभागृहात जिल्हा परिषदेचे सदस्य बसले आहेत, वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातले प्राध्यापक आहेत. त्यांनी या वर्षी एका तालुक्यापासून सुरुवात करावी, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे.

आणि पालकांना, शिक्षकांना. येत्या फेब्रुवारीत गोळी नक्की द्या. मुलाने ती समोर उभं राहून चावून खाल्ली पाहिजे, अख्खी गिळायची नाही आणि खिशात घालून घरी न्यायची नाही. अगदी लहानग्यांना चुरून पाण्यातून द्या, घशात अडकण्याची भीती असते. कुणाला मळमळलं, थोडं पोट दुखलं तर घाबरून जाऊ नका. ज्यांच्या पोटात जंत जास्त असतात त्यांना असं होतं आणि बहुतेकदा ते आपोआप थांबतं. मूल तापाने फणफणलं असेल तर त्या दिवशी गोळी देऊ नका. राहिलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा एक दिवस ठेवलेला असतो, त्या दिवशी त्याला आठवणीने शाळेत पाठवा.